थॉमस लिंकनचा माग

28 मे 1860. अब्राहम लिंकनला अध्यक्षपदाची उमेदवारी मिळून दहाच दिवस झाले होते. त्या दिवशी त्याने केंटकीतल्या एलिझाबेथटाउनच्या सॅम्युएल हेक्राफ्टला एक छोटं पत्र लिहिलं. हेक्राफ्टने लिंकनच्या घराण्याविषयी लिहिलं होतं, त्याचं ते उत्तर. हेक्राफ्ट बरीच वर्षं तिथल्या कोर्टाचा कारकून होता. गावातली कोणती शेती कोणाची, कोणाचं लग्न कोणाशी लागलं, हे त्याला तोंडपाठ. लिंकनचा बाप थॉमस, हे त्याने बरोबर ताडलं होतं. पण लिंकनची आई म्हणून तो ज्या बाईला धरून चालला होता ती सॅली जॉन्स्टन. लिंकनने लिहिलं की सॅली ही वडिलांची दुसरी बायको, माझ्या आईविषयी तुमची चूक होते आहे, तिचं माहेरचं नाव नॅन्सी हँक्स. पुढे जन्माचं ठिकाणही सांगितलं: 12 फेब्रुवारी 1809, आज जिथे हॉजेनव्हिल आहे त्याच्या जवळ, "तेव्हा हार्डिन काउंटीत".

हेक्राफ्टसारखा मुरलेला कारकून का चुकला? त्याच्या कचेरीतल्या नोंदींप्रमाणे तो बरोबरच होता. थॉमस लिंकनचं 2 डिसेंबर 1819 रोजी एलिझाबेथटाउनला लागलेलं लग्न हार्डिन काउंटीच्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) दप्तरात होतं. पहिल्या लग्नाचा कागद तिथे नव्हता. तो नाही म्हटल्यावर लोकांच्या जिभा सुटल्या. थॉमस आणि नॅन्सीचं लग्न झालंच नव्हतं, अब्राहमचा खरा बाप दुसराच कोणी, अशा गोष्टी लिंकनच्या हयातीत कुजबुजल्या गेल्या आणि त्याच्या खुनानंतर छापूनही आल्या. एक कागद सापडत नाही एवढ्यावरून एका मेलेल्या बाईची अब्रू वेशीवर टांगली गेली.

म्हणून मी हे प्रकरण निवडलं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन पूर्वजाचा माग काढताना जेवढे म्हणून खड्डे लागतात, ते सगळे थॉमस लिंकनच्या आयुष्यात आहेत. आणि त्याचा मुलगा एवढा मोठा झाला म्हणूनच बापाचा एकेक चिठोरा शंभर वर्षं लोक धुंडाळत राहिले. एरवी अशा सुतारकाम करणाऱ्या, शेत बदलत फिरणाऱ्या माणसासाठी इतके कष्ट कोण घेतं?

आधी त्या कागदाचं सांगतो. "तेव्हा हार्डिन काउंटीत" यातला "तेव्हा" हा शब्द सगळ्यात मोलाचा. लिंकनचा जन्म झाला ते शेत 1843 पासून लारू काउंटीत मोडतं. केंटकीतल्या काउंट्या अशाच फुटत गेल्या. 1776 मध्ये तो सगळा मुलूख व्हर्जिनियाची एक काउंटी होता. 1780 मध्ये त्याच्या फेएट, जेफरसन आणि लिंकन अशा तीन झाल्या (या लिंकन नावाचा आपल्या कुटुंबाशी संबंध नाही, नवखे संशोधक इथे हमखास फसतात). जेफरसनमधून नेल्सन निघाली. 1792 मध्ये केंटकी वेगळं राज्य झालं आणि नेल्सनमधून वॉशिंग्टन काउंटी निघाली, पाठोपाठ हार्डिन. शेत जागचं हलत नाही, दप्तर मात्र हलत राहतं. कुटुंब एका पिढीत तीन काउंट्यांच्या कागदांवर दिसलं तरी ते घर सोडून कुठे गेलेलंच नसेल, असंही होतं. लिंकन कुटुंब मात्र खरोखरच हललं होतं, त्यामुळे गुंता दुप्पट.

थॉमसचं लग्न कोणत्या काउंटीत शोधायचं? मुलगा जन्मला हार्डिनमध्ये, थॉमसची स्वतःची जमीन हार्डिनमध्ये, थोरली मुलगी सारा 1807 मध्ये जन्मली तीही एलिझाबेथटाउनला. साहजिकच सगळ्यांनी हार्डिनची दप्तरं उलथीपालथी केली. पण लग्न लागतं ते बहुधा मुलीकडे. नॅन्सी तेव्हा वॉशिंग्टन काउंटीत बेरी कुटुंबाकडे राहत होती. तिथल्या स्प्रिंगफील्ड गावच्या कोर्टात 10 जून 1806 चा लग्नाचा जामीनखताचा कागद होता, म्हणजे या लग्नाला कायद्याची अडचण नाही असं लिहून दिलेलं. त्यात पन्नास पौंडांची हमी आणि खाली दोन सह्या: थॉमस लिंकन आणि रिचर्ड बेरी. दोन दिवसांनी, 12 जूनला, जेसी हेड या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने लग्न लावलं आणि आपण लावलेल्या लग्नांच्या यादीत या जोडप्याचं नाव घालून ती यादी कोर्टात दिली. 1878 मध्ये तिथला कारकून डब्ल्यू. एफ. बुकर याच्या हाती हे कागद लागले. ज्याच्यासाठी ते सापडायला हवे होते तो मुलगा जाऊन तेरा वर्षं झाली होती. आणि हे स्प्रिंगफील्ड केंटकीतलं. लिंकनने आपलं अर्धं आयुष्य काढलं ते स्प्रिंगफील्ड इलिनॉयमधलं.

मला इथे दर वेळी हळहळ वाटते, कारण याचा दुवा लिंकनच्या हाती हेक्राफ्टला पत्र लिहिण्याच्या बारा वर्षं आधीच आला होता. 1848 मध्ये तो वॉशिंग्टन शहरात काँग्रेसचा सभासद होता. मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅमच्या सॉलोमन लिंकनने त्याला घराण्याची माहिती विचारली. 6 मार्चच्या उत्तरात अब्राहमने जे होतं ते प्रामाणिकपणे सांगितलं: वडील थॉमस, आजोबा अब्राहम. आजोबा 1782 च्या सुमारास व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीला गेले, दोन वर्षांनी इंडियनांनी (अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी) त्यांना मारलं. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून आले आणि ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते अशी अंधूक आठवण घरात आहे. त्यापलीकडे काही ऐकलेलं नाही. मग त्याने स्वतःच रॉकिंगहॅमच्या डेव्हिड लिंकनला पत्र घातलं. 2 एप्रिलच्या त्याच्या पत्रात आनंद लपत नाही. तुमचे काका अब्राहम आणि माझे आजोबा एकच यात आता शंका उरली नाही, असं तो लिहितो. आणि पुढच्याच वाक्यात: तुम्ही 1801 किंवा 1802 मध्ये त्यांना पाहिलं तसंच, ते कुटुंब केंटकीतल्या वॉशिंग्टन काउंटीतच राहत होतं.

वॉशिंग्टन काउंटी. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली. आईबापांचं लग्न 1806 चं. त्या दोन गोष्टी कोणी शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर पुढची सगळी चिखलफेक टळली असती.

लिंकनने सांगितलेल्या घरच्या गोष्टीही कागदाला लावून पाहाव्या लागतात. आजोबांचा मृत्यू त्याच्या हिशेबाने 1784 चा. प्रत्यक्षात जेफरसन काउंटीतल्या लाँग रन इथल्या त्यांच्या चारशे एकरांची मोजणी 1785 च्या मे महिन्यात झाली, तीही "लिंकहॉर्न" या नावाने. ज्याने नुसतं "लिंकन" शोधलं त्याला हा कागद दिसलाच नाही. उच्चार जसा कानावर पडला तसा मोजणीदाराने उतरवला. आजोबा मारले गेले ते 1786 मध्ये, शेतात काम करत असताना, तीन मुलांच्या डोळ्यांदेखत. धाकटा थॉमस बापाच्या प्रेताजवळ उभा होता. थोरल्या मॉर्डेकायने घरातून बंदूक घेऊन नेम धरला म्हणून तो वाचला, अशी गोष्ट कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. मालमत्तेच्या कारभाराचं प्रकरण 1788 मध्ये नेल्सन काउंटीच्या कोर्टात आलं. त्यावरून विधवा बाथशेबा पाच मुलं घेऊन आतल्या, जरा सुरक्षित मुलखात सरकली होती हे कळतं.

1784 की 1786, दोन वर्षांनी काय फरक पडतो? थॉमसच्या बाबतीत सगळाच फरक पडला. तेव्हा केंटकी व्हर्जिनियात होतं आणि बिनमृत्युपत्राची जमीन थोरल्या मुलाकडे जाण्याचा जुना इंग्रजी कायदा व्हर्जिनियाने नुकताच मोडीत काढला होता. नवा कायदा लागू झाला 1 जानेवारी 1787 पासून. बाप त्याआधी काही महिने गेला. म्हणून जमीन मॉर्डेकायची झाली आणि थॉमस, मुलाच्याच शब्दांत, "भटका मजूर पोरगा" म्हणून वाढला. एकाच घरात मॉर्डेकाय प्रतिष्ठित जमीनदार आणि थॉमस जमिनीसाठी जन्मभर धडपडणारा, याचं निम्मं उत्तर त्या तारखेत आहे. आळस, अंगचा नाकर्तेपणा वगैरे कारणं लोकांनी नंतर चिकटवली.

आणि ती फार घट्ट चिकटवली. लिंकनचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्न्डन याने 1865 नंतर म्हाताऱ्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना गाठून मुलाखती आणि पत्रं जमवली. हे काम झालं नसतं तर कितीतरी गोष्टी बुडाल्या असत्या, त्याचं ऋण मोठं आहे. पण सांगणारा कोण, हे पाहावं लागतं. डेनिस हँक्स हा नॅन्सीचा नातलग पुष्कळ बोलला आणि स्वतःला सोयीचं बोलला. त्यात आणखी एक पेच: डेनिसच्या आईचं नावही नॅन्सी हँक्सच. केंटकीत त्या काळी या नावाच्या एकाहून जास्त बायका होत्या. थॉमस लिंकनही एकटा नव्हता, त्याचा सख्खा काका थॉमस फेएट काउंटीत होता. काकाची भांडणं पुतण्याच्या खात्यावर टाकली की चरित्र बिघडलंच म्हणून समजा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुई वॉरन हा धर्मोपदेशक आणि संपादक त्याच भागात राहायला आला आणि त्याने आठवणी बाजूला ठेवून काउंट्यांची दप्तरं पानापानाने वाचली. त्यातून वेगळाच थॉमस बाहेर आला. ज्यूरीवर बसणारा, मिलिशियात (गावकऱ्यांच्या फौजेत) असलेला, कैद्यांवर पहारा केल्याबद्दल पैसे मिळालेला, रस्त्याच्या एका तुकड्याची देखरेख सोपवलेला. 1806 च्या वसंतात एलिझाबेथटाउनच्या व्यापाऱ्यांचा माल पडावातून न्यू ऑर्लिन्सला पोचवणारा. 1814 च्या हार्डिनच्या करवहीत 98 मालमत्ताधारकांमध्ये त्याचा नंबर पंधरावा. ही आळशी भणंगाची नोंद नव्हे. 1805 मध्ये तो गस्तकरी नेमला गेला होता, आणि त्या काळच्या केंटकीत गस्तीचं काम म्हणजे मुख्यतः गुलामांवर नजर ठेवणं. बापाची बाजू घेताना ही नोंद गिळून टाकणारे लेखक मला पटत नाहीत. 1811 मध्ये हार्डिन काउंटीत सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष 1,627 आणि गुलाम 1,007 होते. त्याच माणसाने पुढे गुलामगिरीला विरोध करणाऱ्या बाप्टिस्ट मंडळीत ऊठबस केली. दोन्ही गोष्टी त्याच्याच.

आता जमीन. मिल क्रीकवर 1803 मध्ये त्याने 238 एकर 118 पौंडांना घेतले. 1814 मध्ये विकायला गेला तेव्हा ते 200 एकर म्हणून 100 पौंडांना गेले. अडतीस एकर गेले कुठे? मोजणीत. केंटकीतली मोजणी म्हणजे चतुःसीमा: अमुक ओकच्या झाडापासून तमुक ओढ्यापर्यंत, तिथून दगडाच्या खुणेपर्यंत. झाड तुटलं, ओढा सरकला की सीमा गेली. त्यावर कोणीही आपापली मोजणी करून हक्क नोंदवायचा, त्यामुळे छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक दावे चढलेले. आपल्याकडे बांधावरून डोकी फुटतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना समजावून सांगायला नको. डिसेंबर 1808 मध्ये त्याने सिंकिंग स्प्रिंगचं शेत 200 डॉलर रोख देऊन घेतलं. दोन महिन्यांनी अब्राहम तिथेच जन्मला. आधीच्या व्यवहारातली थकबाकी त्या जमिनीवर होती, त्यावरून कज्जा झाला आणि ती गेली. 1811 मध्ये कुटुंब नॉब क्रीकला आलं. तिथे फिलाडेल्फियाच्या एका जुन्या जमीनमालकाच्या वारसदारांनी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना हुसकावण्यासाठी दावे लावले, त्यात हाही प्रतिवादी. तीन शेतं, तिन्हींवर वाद. याच काळात थॉमस नावाचं तिसरं अपत्य जन्मून तान्हेपणीच गेलं.

1860 मध्ये आपली माहिती लिहून देताना अब्राहमने केंटकी सोडण्याचं कारण एका वाक्यात दिलं: काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्कांच्या अडचणीमुळे. त्याच लिखाणात बाप स्वतःची सही कशीबशी खरडण्यापलीकडे कधी लिहायला शिकला नाही, असंही आहे. 1806 च्या कागदावरची ती सही पाहिली की मला वाटतं, अक्षर न येणाऱ्या माणसाला कागदांच्या जंगलात तीनदा लुटलं गेलं, आणि तरी त्याने सही केलीच.

डिसेंबर 1816 मध्ये ते ओहायो नदी ओलांडून इंडियानात गेले. 15 ऑक्टोबर 1817 रोजी थॉमसने व्हिन्सेन्सच्या सरकारी जमीन कचेरीत 160 एकर नोंदवले, एकरी दोन डॉलर दराने. तिथली मोजणी केंद्र सरकारची, चौकटी आखलेली. विभाग 32, त्याचा नैर्ऋत्य चतुर्थांश. झाड नाही, ओढा नाही. 160 एकरांचे पैसे काही पुरले नाहीत, पण 1827 मध्ये त्यातल्या निम्म्या, 80 एकरांच्या मालकीचं सरकारी पत्र त्याच्या नावाने निघालं. या जमिनीवर पुन्हा कोणी हक्क सांगायला येणार नव्हतं.

बाकी इंडियानाने त्याच्याकडून फार घेतलं. 5 ऑक्टोबर 1818 ला नॅन्सी गेली. विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईंच्या दुधातून होणाऱ्या आजाराने त्या वस्तीत माणसं पटापट मेली. तिची शवपेटी थॉमसनेच घडवली असं सांगतात. वर्षभराने तो एलिझाबेथटाउनला जाऊन सारा बुश जॉन्स्टन या ओळखीच्या विधवेला लग्न करून घेऊन आला. तिची तीन मुलं होती. हीच हेक्राफ्टची सॅली. मुलगी सारा 1826 मध्ये अॅरन ग्रिग्जबीच्या घरात दिली आणि जानेवारी 1828 मध्ये ती बाळंतपणात गेली.

या सगळ्यात खानेसुमारी फारशी मदत करत नाही, हे अमेरिकन पूर्वज शोधणाऱ्या प्रत्येकाने आधीच मनाशी धरावं. 1790 ते 1840 पर्यंतच्या यादीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीच्यांचे नुसते आकडे. बायकापोरांची नावं आली 1850 पासून. नॅन्सी हँक्ससारख्या, त्याआधीच गेलेल्या बाईचं नाव कोणत्याच खानेसुमारीत सापडणार नाही. तिच्यासाठी लग्नाचा कागद, नवऱ्याचे दस्त आणि घरच्या बायबलमधलं पान, एवढंच.

नॅन्सीच्या माहेरचा गुंता तर आणखी खोल. 1850 च्या सुमारास घोडागाडीतून कोर्टाला जाताना लिंकनने आपल्याला सांगितलं, असं हर्न्डन म्हणतो, की माझी आई लूसी हँक्सची लग्नाबाहेरची मुलगी. अनेकांना हे ऐकवेना, म्हणून नॅन्सीला शिप्ली नावाच्या घराण्याशी जोडून तिला औरस ठरवणारी वंशावळ रचली गेली आणि बरीच वर्षं चालली. निकाल कागदाने लागला नाही. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए आईकडून मुलांना जातो आणि पुढे फक्त मुलींमार्फत चालतो. नॅन्सीची एकुलती मुलगी निपुत्रिक गेली, म्हणून संशोधकांना लूसीच्या दुसऱ्या मुली आणि तिच्या बहिणींच्या लेकींच्या लेकी अशा वाटेने आज जिवंत असलेल्या माणसांपर्यंत यावं लागलं. 2015 मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: शिप्लींचा संबंध नाही, हर्न्डनने लिहिलेली लूसी हँक्सचीच बाजू टिकते. बायकांची आडनावं लग्नागणिक बदलत जातात, तेव्हा हा माग पुरुषांच्या मागापेक्षा किती अवघड पडतो हे ज्याने केलंय त्यालाच कळतं.

थॉमसच्या पुरुषवंशाचा दुवा मात्र कागदानेच जुळला. 1859 पर्यंत अब्राहम म्हणत होता की न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी आमचं नातं जोडण्याच्या प्रयत्नातून मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशा नावांच्या साम्यापलीकडे काही निघालं नाही. नाव सारखं म्हणजे पुरावा नव्हे, हे त्याच्यातल्या वकिलाला ठाऊक होतं. पुढे पेनसिल्व्हेनियात वारलेल्या मॉर्डेकाय लिंकनचं मृत्युपत्र आणि त्यात मुलगा जॉनला ठेवलेली न्यू जर्सीतली जमीन हाती आली. ती जमीन विकणारा जॉन म्हणजेच व्हर्जिनियाला गेलेला पणजोबा. अशी साखळी मागे जात 1637 मध्ये इंग्लंडहून हिंगहॅमला आलेल्या सॅम्युएल लिंकनपर्यंत पोचली. सॉलोमनने 1848 मध्ये विचारलेला प्रश्न योग्यच होता.

1830 मध्ये थॉमस इलिनॉयला गेला आणि शेवटी कोल्स काउंटीत गूजनेस्ट प्रेअरी इथे स्थिरावला. बापलेकात तोवर दुरावा आला होता. 1841 मध्ये मुलाने बापाकडून चाळीस एकर 200 डॉलरना घेतले आणि दोघा म्हाताऱ्यांना हयातभर ते वापरू दिले. 1848 च्या डिसेंबरात जमिनीचा लिलाव टाळायला बापाने मागितलेले वीस डॉलर पाठवले, आणि एवढा निवाडा तुमच्या लक्षातून कसा गेला, असंही विचारलं. 12 जानेवारी 1851 ला सावत्र भावाला पत्र लिहिलं: मी येऊ शकत नाही, आता भेटलो तरी ती भेट सुखाहून जास्त दुःखाचीच होईल असं वाटतं. पाच दिवसांनी थॉमस गेला. अब्राहम मातीला गेला नाही.

पण त्याच वर्षी त्याने बापाच्या बायबलमध्ये कुटुंबाची नोंद स्वतःच्या सुवाच्य अक्षरात उतरवली. थॉमसचा जन्म 6 जानेवारी 1778 (करवह्यांवरून काही अभ्यासक 1776 धरतात). नंतरच्या लोकांनी त्या पानाचे तुकडे केले, तरी तारखा वाचल्या. 1853 मध्ये चौथा मुलगा झाला, त्याचं नाव थॉमस ठेवलं. जग त्याला टॅड म्हणून ओळखतं.

31 जानेवारी 1861 रोजी, अध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनला निघण्याआधी, लिंकन कोल्स काउंटीत सावत्र आईला भेटायला गेला आणि तिच्यासोबत शायलोच्या दफनभूमीत बापाच्या थडग्याजवळ उभा राहिला. थडग्यावर दगड नव्हता. तो बसवायचं त्याने म्हटलं होतं. सारा बुश 1869 मध्ये वारली, तिला तिथेच शेजारी ठेवलं. दगड बसला 1880 मध्ये. थॉमसच्या रक्ताचा शेवटचा माणूस, अब्राहमचा पणतू, 1985 च्या डिसेंबरात वारला.

वॉशिंग्टन काउंटीच्या कोर्टातल्या जेसी हेडच्या यादीत मात्र ते दोघं अजून शेजारी शेजारी आहेत: थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स, 12 जून 1806.